उरलेली पानं

“बटणाला हात लावू नका!”

वहिनीने पुढे होऊन यंत्रविभागाच्या प्रमुखांचं मनगटच धरलं. त्यांचं बोट पंपाच्या बटणापासून तसूभर अंतरावर थांबलं. खोलीत चारच माणसं होती, आणि असं काही होईल हे कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं, वहिनीच्यासुद्धा. तिने ओशाळून हात सोडला.

“मी फक्त दाखवत होतो,” प्रमुख चष्मा सारखा करत म्हणाले. “व्यवस्थित चालू होतंय. काही बिघाड नाही त्यात.”

“त्या दिवसापासून किती वेळा चालू करून दाखवलंत?”

“दोन-तीनदा.”

“नक्की?”

प्रमुखांनी टेबलापलीकडे बसलेल्या अधीक्षक डॉक्टरबाईंकडे पाहिलं. “चौकशी समितीला एकदा दाखवलं. मग माझ्या लोकांनी तपासलं. मग पुन्हा... आठ-दहा धरा.”

वहिनीने खुर्ची ओढली आणि पंपासमोर बसली. औषधाची सिरिंज हळूहळू पुढे ढकलणारं ते यंत्र, पावाच्या लादीएवढं, प्लॅस्टिकच्या पिशवीतून अर्धवट बाहेर आलेलं होतं. त्याच्या पोटात चालणारा प्रोग्रॅम नऊ वर्षांपूर्वी तिने लिहिला होता. ती कंपनी सोडून तिला सहा वर्षं झाली होती, आणि आता ती कपडे धुण्याच्या यंत्रांचे प्रोग्रॅम लिहीत होती. तिथे चूक झाली तर फार तर एखादा शर्ट आटायचा.

इथे चार दिवसांपूर्वी, भर दुपारच्या पाळीत, एका निवृत्त शिक्षकांना झोपेचं औषध ताशी अडीच मिलिलिटरऐवजी पंचवीस गेलं होतं. कुणाच्या लक्षात येईपर्यंत वीस मिनिटं झाली. त्यांचा श्वास बंद पडत आला होता. ते अजून अतिदक्षता विभागात होते, आणि शुद्धीवर कधी येतील, आले तर कसे येतील, हे कुणी छातीठोकपणे सांगत नव्हतं. पंप लावला होता ठकीने. ठकी म्हणजे वहिनीची धाकटी नणंद. लहानपणी लाकडी बाहुलीसारखी टकमक बघत बसायची म्हणून पडलेलं नाव तिला बारा वर्षं नर्स म्हणून काम केल्यावरही सुटलं नव्हतं. “मी दोनदा बघितलं. पडद्यावर अडीच होतं,” एवढंच ती पहिल्या दिवसापासून सांगत होती. तिला कामावरून थांबवण्यात आलं होतं.

“तुम्ही तिच्या भावजय,” अधीक्षकबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, पण ढिलाईही नव्हती. “हे मी विसरलेले नाही.”

“विसरू नकाच, मॅडम. मी यंत्राला हात लावणार नाही. मी सांगेन, हे साहेब करतील. आणि जे निघेल ते आधी तुम्ही वाचा.”

“पण निघणार काय? मशीनला मेमरीच नाही, असं कंपनी म्हणते.”

खिडकीजवळ बसलेल्या कंपनीच्या माणसाने मान डोलावली. तरुण, नीटनेटका, बोलायला मऊ. “वेगळी मेमरी चिप या मॉडेलमध्ये नाहीच, मॅडम. माहितीपुस्तिकेत पाहा. म्हणून तर आम्ही मशीन प्रयोगशाळेत नेतो म्हणतोय. चारला गाडी येतेय.”

“वेगळी चिप नाही, कारण बोर्डवर जागा नव्हती,” वहिनी म्हणाली. “पण जी मुख्य चिप आहे, तिच्यात प्रोग्रॅम ठेवायला फ्लॅश मेमरी असते. माझ्या प्रोग्रॅमने त्यातली निम्मी-अर्धी जागा वापरली. उरलेली पानं कोरीच होती. वीज गेली तरी तिथे लिहिलेलं पुसलं जात नाही. म्हणून नर्सने भरलेली मात्रा मी तिथे जतन करायला लागले. आणि त्यापुढच्या दोन पानांवर यंत्राची रोजनिशी ठेवली. केव्हा चालू झालं, कोणता आकडा भरला, केव्हा थांबलं. माझ्या सोयीसाठी. पुस्तिकेत लिहायचं राहून गेलं.”

कंपनीच्या माणसाचा फोन मांडीवरच राहिला.

“मग काढा ना,” अधीक्षकबाई म्हणाल्या.

“तिथेच अडचण आहे.” वहिनीने पिशवीतून कागदांची चळत काढली. जुन्या प्रोग्रॅमची छापील प्रत, माळ्यावरच्या खोक्यातून काल शोधलेली. “चिप कुलूपबंद आहे. कुलूप काढायला गेलं तर ती आधी स्वतःला कोरी करते. दुसरा रस्ता म्हणजे दोन बटणं दाबून धरत यंत्र चालू करायचं, मग ते रोजनिशी बाहेर पाठवतं. पण चालू झालं की ते पहिल्यांदा स्वतःची नवी ओळ लिहितं. प्रत्येक पानावर चौसष्ट ओळी. एक पान भरलं की यंत्र दुसरं, जुनं पान अख्खं पुसतं आणि तिथे लिहायला लागतं. फ्लॅशमध्ये एखादी ओळ खोडता येत नाही. पुसायचं तर पानच्या पान.”

प्रमुखांनी चष्मा काढला. “म्हणजे आम्ही जितक्यांदा चालू केलं...”

“तितक्यांदा लिहिलं गेलं. आत्ताचं पान भरत आलं असेल आणि त्या दुपारच्या ओळी जुन्या पानावर असतील, तर पुढच्या एका चालू करण्यात त्या जातील. किती जागा उरलीय ते बाहेरून कळत नाही.”

“मग धोका कशाला घ्यायचा?” कंपनीचा माणूस समजुतीच्या सुरात म्हणाला. “आमच्याकडे सगळी साधनं आहेत. सुरक्षितपणे काढू.”

“तुमच्याकडे परत आलेल्या मशीनचं पहिलं काम काय करता?”

“पहिलं?” तो घुटमळला. “नवा प्रोग्रॅम घालतो. नियमच आहे तसा.”

“तो घालताना सगळी चिप पुसली जाते,” वहिनी म्हणाली.

अधीक्षकबाईंनी घड्याळ पाहिलं. तीनला दहा कमी होती. “मला अतिदक्षता विभागात एक फेरी मारायची आहे. सव्वातीनला येते. तोवर कुणीही त्याला हात लावायचा नाही. तुम्हीही नाही,” त्या प्रमुखांना म्हणाल्या, आणि प्रमुखांनी शाळेतल्यासारखे हात पाठीमागे घेतले.

ठकी जिन्याखालच्या पाण्याच्या टाकीपाशी उभी होती. गणवेश नसल्यामुळे ती इथे परक्या माणसासारखी दिसत होती. तिच्यासोबत बारा वर्षं काम केलेल्या दोघी तिच्या समोरून गेल्या आणि जाताना दोघींनाही एकदम आपसात काहीतरी महत्त्वाचं बोलायचं सुचलं.

“काही खाल्लंस?” वहिनीने विचारलं.

“तू मला लग्न होऊन आल्यापासून एवढंच विचारतेस.”

“तूही मी लग्न होऊन आल्यापासून ‘नाही’ एवढंच सांगतेस.”

ठकी हसली नाही. तिने ग्लास भरला आणि न पिता टाकीवर ठेवला. वहिनीने तिला आत काय ठरलं ते सांगितलं. सव्वातीनला वाचणार. कदाचित निघेल, कदाचित पुसलं जाईल.

“निघालं तर सगळं दिसेल त्यात?”

“यंत्रात भरलेला प्रत्येक आकडा. सेकंदासकट.”

ठकीने ग्लास टाकीवरच थोडा दूर सरकवला. मग अगदी हळू म्हणाली, “वहिनी, राहू दे ना.”

“काय राहू दे?”

“वाचायचं. नेऊ देत त्यांना मशीन. चौकशीत जे व्हायचं ते होईल.”

वहिनीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. या घरात ती आली तेव्हा ठकी कॉलेजात होती. तिच्या परीक्षा, तिची पहिली नोकरी, ठरता ठरता मोडलेलं तिचं लग्न, सगळं वहिनीच्या डोळ्यांसमोर झालं होतं. ठकीला खोटं बोलता येत नसे. ती फक्त गप्प बसे, आणि गप्प बसली की डाव्या हाताच्या अंगठ्याने बाकीची नखं एकेक करून दाबी. आत्ताही ती तेच करत होती.

“तू मला काही सांगायचं ठेवलंयस का?”

“पडद्यावर अडीच होतं. देवाशपथ.”

“मी ते विचारलं नाही.”

वर कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. ठकीने मान वळवून जिन्याकडे पाहिलं. वहिनीने ग्लास उचलून तिच्या हातात दिला. “पी. आणि वर ये. काय निघेल ते तुझ्यासमोर निघू दे.”

ती जिना चढू लागली. काल रात्रभर तिने एकच धरून ठेवलं होतं, की यंत्र खरं बोलेल. ते खरं नणंदेच्या विरुद्ध असेल तर काय, हा विचार तिच्या मनाला शिवला नव्हता असं नाही. तिने त्याला उंबऱ्याबाहेरच उभं केलं होतं. आता तो आत येऊन बसला होता. आणि सोपा उपायही हाताशी होता. ‘दोन बटणं नीट दाबली गेली नाहीत, पुन्हा करा,’ असं दोन-तीनदा म्हणायचं. पान आपोआप पुसलं गेलं असतं. प्रमुखांच्या हातून. तिच्याकडे कुणी बोटही दाखवलं नसतं.

सव्वातीन वाजून चार मिनिटांनी अधीक्षकबाई आल्या. प्रमुखांनी पंपाच्या पाठीमागे केबल जोडली, दुसरं टोक त्यांच्या लॅपटॉपला. वहिनी हात छातीशी बांधून भिंतीला टेकली. ठकी दारात.

“‘थांबा’ आणि वरचा बाण,” वहिनी म्हणाली. “दोन्ही आधी दाबा. पक्के. सोडू नका. आता चालू करा.”

प्रमुखांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी श्वास धरून बटण दाबलं. पंपावरचा हिरवा दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. लॅपटॉपचा पडदा काळाच राहिला. एक. दोन. तीन. कंपनीच्या माणसाने घसा खाकरला.

“सोडू का?” प्रमुख कुजबुजले.

“नाही.”

मग ओळी यायला लागल्या. भराभर, एकाखाली एक, आणि थांबल्या. प्रमुखांनी बोटं सोडली आणि ती झटकली. वहिनी पुढे झाली नाही. अधीक्षकबाई वाकून वाचू लागल्या.

“आत्ताच्या पानावर एकोणसाठ ओळी आहेत,” त्या म्हणाल्या. “याचा अर्थ?”

“पाच जागा उरल्यात. जुनं पान शाबूत आहे.”

प्रमुख पडद्यावर बोट फिरवत काहीतरी मोजत होते. “चौदा वेळा,” ते शेवटी म्हणाले, कुणी विचारलं नसताना. “आम्ही चौदा वेळा चालू केलंय. एका वेळी चार ओळी. आणखी दोनदा केलं असतं तर...” त्यांनी वाक्य सोडून दिलं.

“जुन्या पानाचा शेवट वाचा, मॅडम,” वहिनी म्हणाली. “यंत्राला तारीख कळत नाही. चालू झाल्यापासून किती सेकंद झाले एवढंच कळतं.”

“चालू. शून्य सेकंद. मग बेचाळीस सेकंद: मात्रा...” अधीक्षकबाई थांबल्या. त्यांनी चष्म्यावरून दाराकडे पाहिलं. “मात्रा पंचवीस.”

ठकीने डोळे मिटून घेतले होते. कंपनीचा माणूस उठून पडद्यापाशी आला आणि त्याने त्या ओळीवर बोट ठेवलं, अगदी अलगद. “म्हणजे दाबलंच होतं,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता, सुटका होती.

वहिनीने ठकीकडे पाहिलं नाही. “पुढची ओळ,” ती म्हणाली. तिचाच आवाज तिला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला.

“सेहेचाळीस सेकंद: मात्रा दोन पूर्णांक पाच.”

“चार सेकंदांत सुधारलं,” प्रमुख म्हणाले.

“त्यानंतर... ‘पुन्हा चालू, वीज खंडित’. शून्य सेकंद. मात्रा पंचवीस. मग बाराशे सेकंद काहीच नाही.” अधीक्षकबाई सरळ झाल्या. “हे परत पंचवीस कुठून आलं?”

“सिस्टरनी पुन्हा भरलं असेल,” कंपनीचा माणूस म्हणाला.

“मी बाजूच्या बेडकडे गेले होते,” ठकी दारातून म्हणाली. चार दिवसांत पहिल्यांदाच तिचा आवाज चढला होता. “अडीच केलं, दोनदा बघितलं आणि मग गेले. सफाईवाल्यांनी बेड सरकवला तेव्हा प्लग निघाला, त्यांनी लगेच लावला. मशीनने एकदाच पिक् केलं. वॉर्डात सगळंच पिक्-पिक् करत असतं.”

“प्लग निघाला तरी बॅटरी असते ना?” अधीक्षकबाईंनी प्रमुखांकडे पाहिलं.

“या पंपाची बदलायची होती. यादीत आहे,” प्रमुख म्हणाले आणि खाली बघू लागले.

“पंचवीस भरताना हातून चूक झाली, हे तू समितीला सांगितलं नाहीस,” अधीक्षकबाई ठकीला म्हणाल्या.

“नाही.”

“का?”

“सुधारलं होतं मी. वाटलं, एकदा पंचवीस म्हटलं की पुढचं कुणी ऐकणारच नाही.”

कंपनीचा माणूस पुन्हा बोलू लागला. यंत्राने स्वतःहून आकडा बदलल्याचा पुरावा यात कुठेच नाही, वीज गेल्यावर यंत्र शेवटची जतन केलेली मात्राच उचलतं, तशीच त्याची रचना आहे, आणि शेवटची मात्रा तर अडीच होती; मग मधे कुणीतरी...

वहिनी ऐकत नव्हती. ती टेबलावरची चळत उलटत होती. काल तिने फक्त सुरुवातीची पानं वाचली होती, यंत्र चालू होतं तेव्हा काय घडतं एवढंच. आता तिचं बोट मधल्या पानांवरून घाईघाईने खाली उतरत होतं आणि एका ओळीवर येऊन थांबलं. ओळीत फक्त एक आकडा होता, साठ, आणि शेजारी तिनेच लिहिलेली टीप.

नऊ वर्षांपूर्वी ती टीप लिहिताना तिला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. फ्लॅशचं पान पुन्हा पुन्हा पुसलं की झिजतं. दहाएक हजार वेळांनंतर त्याचा भरवसा राहत नाही. नर्सेस आकडा वर-खाली करत बसतात, दर वेळी जतन केलं तर पान वर्षभरात मरेल. म्हणून तिने ठरवलं होतं, एकदा जतन केलं की पुढचं एक मिनिट पुन्हा जतन करायचं नाही. नवा आकडा तोवर पडद्यावर दिसेल, यंत्र त्याप्रमाणेच चालेल; फक्त पानावर उतरायला थोडा उशीर. मिनिटभराचा. रोजनिशीच्या ओळींना हा नियम नव्हता, त्या कोऱ्या जागेत पुढे पुढे जात. नियम होता तो त्या एका आकड्याला.

पंचवीस जतन झालं होतं. अडीच रांगेत थांबलं होतं.

तिने पान मिटलं नाही. तिला कळत होतं की हे तिच्याशिवाय या खोलीत कुणालाच कळणार नाही. कंपनीत तिच्यानंतर दोघं येऊन गेले होते; त्यांनी ही ओळ वाचली असेल तरी तिच्याकडे बारीक लक्ष दिलं नसेल. ‘वीज गेल्यावर यंत्राचा गोंधळ झाला’ एवढं मोघम म्हटलं तरी ठकी सुटू शकली असती. चार सेकंदांत चूक सुधारल्याचं तर आता सगळ्यांनी पाहिलंच होतं.

“मॅडम,” ती म्हणाली, “हे मिनिट माझं आहे.”

तिने कागद अधीक्षकबाईंपुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. साध्या शब्दांत, एकदाच, मधे न थांबता. बोलून झाल्यावर अधीक्षकबाईंनी तीच ओळ पुन्हा वाचली, जणू त्या साठाच्या मागे आणखी काही लपलेलं असावं.

“म्हणजे आकडा बदलल्यावर मिनिटाच्या आत वीज गेली आणि बॅटरी मेलेली असली...”

“तर यंत्र बदलाच्या आधीचा आकडा उचलतं. कोणतंही यंत्र. हे एकच नाही.” वहिनी प्रमुखांकडे वळली. “या इमारतीत आत्ता किती चालू आहेत?”

प्रमुखांच्या तोंडचं पाणी पळालं. “अकरा. दुसऱ्या मजल्यावर सात, अतिदक्षतेत चार.”

“आणि बाहेर?” अधीक्षकबाईंनी कंपनीच्या माणसाला विचारलं.

त्याने आकडा सांगितला नाही. तो फोन कानाला लावून खिडकीकडे तोंड करून उभा राहिला, मग फोन छातीशी धरून वहिनीजवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “ताई, हे लेखी देऊ नका अजून. आधी आमच्या वरिष्ठांशी बोला. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय. तुमचं नाव आहे त्या फाइलवर.”

“माहीत आहे. मीच टाकलंय,” वहिनी म्हणाली, आणि अधीक्षकबाईंकडे तिने कोरा कागद मागितला.

ती लिहीत होती तोवर खोली रिकामी होऊ लागली. अधीक्षकबाई ठकीला म्हणाल्या, “तू चल माझ्याबरोबर. कागदपत्रांचं नंतर बघू. प्रत्येक पंपापाशी आकडा बदलल्यावर मिनिटभर माणूस उभं राहिलं पाहिजे, आणि ते कसं करायचं हे तूच सगळ्यांना सांग.” ठकी आधी वहिनीच्या खुर्चीपाशी आली. तिने वहिनीच्या खांद्यावर हात ठेवला, जरा जोरानेच, आणि गेली. तिची पावलं जिन्यावर दोन-दोन पायऱ्या घेत वाजली.

वहिनीने सही केली. कागद प्रमुखांच्या हाती दिला. ते पंप पुन्हा पिशवीत घालत होते आणि या वेळी बटणाच्या बाजूला हात जाणार नाही याची डोळ्यांत तेल घालून काळजी घेत होते.

“तुम्ही जा आता, मॅडम,” ते म्हणाले. “त्या शिक्षकांच्या नातेवाइकांना अधीक्षकबाई सांगतील. संध्याकाळी बोलावलंय त्यांना.”

“कुणी आहे का आत्ता?”

“मुलगी असते त्यांची. अतिदक्षतेच्या बाहेर. चार दिवस तिथेच आहे.”

बाहेरचा रस्ता डावीकडे होता. वहिनी उजवीकडे वळली.

अतिदक्षता विभागाच्या दारासमोर एकच लांब बाक होतं. त्यावर एका टोकाला तिशीतली एक बाई बसली होती, मांडीवर स्वेटर, शेजारी थर्मास आणि कपड्यांची पिशवी. वहिनीला येताना पाहून तिने पिशवी उचलून पायाशी ठेवली आणि सरकून जागा केली. चार दिवसांत तिला अशी जागा करून द्यायची सवय झाली असावी.

“बसा ना,” ती म्हणाली. “इथे वारा लागतो जरा. तुमचं कोण आहे आत?”

वहिनी बसली. दारावरच्या गोल काचेतून आतला एक हिरवा दिवा दिसत होता. त्याच्या शेजारी ठकी, पाठमोरी, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभी होती.

“सांगते,” वहिनी म्हणाली. “थोडा वेळ लागेल सांगायला.”

“लागू दे,” ती बाई म्हणाली आणि थर्मासचं झाकण उघडू लागली. “चहा घेणार?”